चौदावं ताट

कल्पना करा, तुमच्या डाव्या हातात जिवंत खेकडा आहे. निळसर, ओंजळीएवढा, दोन्ही नांग्या दोरीने बांधलेल्या. उजव्या हातात घासणी. त्याला पाण्यात बुडवायचं आणि पोटाखाली, पायांच्या बेचक्यांत, डोळ्यांच्या खाचांत घासत राहायचं. चिखलाचा कण उरता कामा नये. तो डोळे आत-बाहेर करत तुमच्याकडे बघत असतो. मग त्याला उताणा करायचा, पोटावरचं त्रिकोणी झाकण उचलायचं, अंगठा आत सारायचा आणि पाठ एका झटक्यात उचकटायची. हात कचरला, तर त्याला मरायला वेळ लागतो आणि तो वेळ तुम्हाला हातात धरून काढावा लागतो. असे तीस खेकडे. दर बुधवारी, सकाळी दहाच्या आत.

युलीन क्वामिना हे चौतीस वर्षं करत होती. टोबॅगो बेटाच्या आमच्या बाजूला तिच्या हातच्या खेकड्याच्या करीची आणि जाड, चपट्या, उकडलेल्या पिठाच्या डम्पलिंगची तोड नव्हती. पण तिच्याबद्दल लोक पहिल्यांदा चवीचं बोलत नसत. म्हणत, युलीनचा खेकडा डोळे मिटून खावा.

याला कारण होतं. खारफुटीच्या मागे मँचनीलची झाडं आहेत. बुंध्यांवर लाल रंगाचे पट्टे मारलेत, कारण त्यांचा चीक कातडीला लागला तरी फोड येतात. खेकड्याला मात्र त्या झाडाचा पाला खाऊन काही होत नाही. होतं ते त्या खेकड्याला खाणाऱ्याला. ओठ जळतात, घसा सुजतो, एखादा जातोही. म्हणून पकडलेला खेकडा सात दिवस पिंपात ठेवायचा. पहिले दोन दिवस नुसतं पाणी, पुढे खोबरं, मक्याचे दाणे आणि मिरचीचा पाला. आठव्या दिवशी त्याच्या पोटात तुमच्या घरचंच अन्न असतं.

सात दिवसांची गोष्ट गावात सगळे पाळतात. युलीन आणखी एक पाळत असे, तिच्या आईने, डॉर्कसने लावलेली. भांडं उतरलं की एक खेकडा स्वतःच्या ताटलीत घ्यायचा, किनाऱ्यावरच्या खाणावळीच्या झोपडीपुढच्या खुर्चीवर बसून खायचा आणि तासभर कुणालाही वाढायचं नाही. "मी बसलेय ना, मग तुम्हीही बसा," एवढंच डॉर्कस म्हणायची. लोक बसत. बदामाच्या झाडाखाली सोंगट्या खेळत, क्रिकेटवरून भांडत. खुर्चीकडे कुणी बघत नसे. नळाला पाणी येईपर्यंत थांबावं तसे थांबत.

मग तिचा भाचा परत आला. केरॉन, मेलेल्या भावाचा मुलगा. सहा वर्षं प्रवासी जहाजावर ताटं धुऊन त्याने एक गाडी घेतली होती आणि बंदरावर लागणाऱ्या जहाजातली माणसं तो बेट दाखवायला नेई. दर बुधवारी चौदा जण. त्यांना 'इथलं, अगदी इथलंच' जेवायचं असे.

पहिल्या बुधवारी युलीन नेहमीसारखी खुर्चीवर बसली. एका बाईने केरॉनला विचारलं, ती एकटीच का जेवतेय? केरॉन खाली वाकून काहीतरी बोलला. युलीनने नांगी फोडताना वर बघितलं, तर चौदा तोंडं तिच्याकडे वळलेली. कुणी हललं नाही. एका माणसाने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"काय सांगितलंस त्यांना?" तिने नंतर विचारलं.

"खरं तेच. खेकडा विषारी असू शकतो, म्हणून आत्या आधी खाते."

"विषारी नसतो. सात दिवस ठेवते मी."

"ते सांगितलं तर तास कसा जाणार?"

पुढच्या बुधवारी त्याने एक मोठं घड्याळ आणलं, बंद पडलेल्या कुठल्याशा कचेरीतलं, आणि खुर्चीच्या बरोबर वर टांगलं. शेजारी घंटा लावली. वाढलेली चौदा ताटं अकरा वाजता पाहुण्यांपुढे मांडायची, केळीच्या पानाने झाकायची. पान बाराची घंटा झाल्यावरच उचलायचं.

"ताटं गार होतात रे."

"होऊ देत. माणसं गरम राहतात ना."

त्याने खुर्चीचीही गोष्ट रचली. याच खुर्चीत म्हणे आत्याची आत्या गेली होती, हातात नांगी घट्ट धरून. "कोण गेलं?" युलीनने विचारलं. तिला आत्या नव्हतीच. "गोष्ट आहे गं," केरॉन म्हणाला. "त्यांना एक मेलेलं माणूस लागतं. तू नको म्हणून दुसरं दिलं."

शेजारच्या झोपडीतून मॅव्हिस हे सगळं ऐकत असे. ती तळलेले पाव विकायची आणि युलीनच्या गिऱ्हाइकांच्या उरल्यासुरल्या भुकेवर जगायची. "आज जगलीस वाटतं, युलीन," ती दर बुधवारी घंटा झाली की ओरडून विचारायची.

"तुझे पाव नाही ना खाल्ले," युलीन म्हणायची.

पण तिला खुपत होतं ते वेगळं. घंटेनंतर पाहुणे पान उचलत आणि खेकड्याच्या एका पायाला काट्याने टोचून बघत. डम्पलिंगचा कोपरा तोडत. पाणी पीत. निम्म्याहून जास्त ताटं तशीच परत येत आणि त्यांतलं नारळाचं दूध घातलेलं, सकाळी सहापासून वाटलेलं, परतलेलं, आटवलेलं सगळं ती कुत्र्यांना घाली. वर्षभरात एकानेही चवीबद्दल शब्द काढला नव्हता. ते तिला विचारत, भीती वाटते का?

एका बुधवारी मिरचीचं बी तिच्या घशात अडकलं. ती खोकली, डोळ्यांत पाणी आलं, तिने गळा धरला. पाहुणे श्वास रोखून उभे राहिले. ती पाणी प्यायली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मिरची." सगळे खो खो हसले. टाळ्या वाजवल्या. आणि त्या दिवशी चौदाच्या चौदा ताटं चाटूनपुसून परत आली. एका म्हाताऱ्याने तर कवचातला रस्सा बोटाने निपटून खाल्ला.

"बघितलंस?" केरॉन म्हणाला. "हसलेला माणूस खातो. दर वेळी एकदा घसा धर."

"मी स्वयंपाकीण आहे. सोंगाडी नाही."

"मग घाल कुत्र्यांना."

तिने आठ दिवस विचार केला. आणि धरला घसा. कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे ती आजही लपवत नाही. ताटं रिकामी व्हावीत म्हणून तिने तो धरला. पुढे पुढे ती खुर्चीवरून थोडी घसरायलाही शिकली. मॅव्हिस आपल्या गिऱ्हाइकांना सांगे, "थांबा दोन मिनिटं, आता म्हातारी मरेल."

ज्या बुधवारी ते झालं, त्या सकाळी तिच्या डाव्या पायातली चप्पल दोनदा निघाली. तिला कळलंच नाही, अनवाणी पाऊल वाळूवर पडल्यावर दिसलं. नंतर तिने करी उकळायला ठेवली. नारळाचं दूध, मसाला, कोथिंबिरीसारखा उग्र वासाचा बेनीचा पाला. खेकडे अजून पिंपात जिवंत होते. तिने पळीतला थोडा रस्सा तळहातावर घेऊन चाखला. अळणी. मूठभर मीठ टाकलं, चाखलं. अळणीच. "हल्ली मिठातही भेसळ," ती पुटपुटली आणि आणखी टाकलं. तिसऱ्यांदा टाकलं, तेव्हा खेकडे आणून देणारा फिट्झ दारात उभा होता. दर बुधवारी तो नवे खेकडे पिंपात टाकायला यायचा.

"किती मीठ घालतेस?"

"तू खेकडे मोज. मीठ मी मोजते."

अकराला ती खुर्चीवर बसली. ताटं मांडली गेली, पानं झाकली गेली. वीस मिनिटांनी नांगी तिच्या हातातून गळाली. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून रस्सा हनुवटीवर ओघळला. ती काही बोलली, ते कुणाला कळलं नाही. मग ती खुर्चीवरून खाली आली, नेहमीपेक्षा जास्त आणि नेहमीपेक्षा हळू.

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी वाजवली.

"आज आत्या रंगात आहे," केरॉन पाहुण्यांना म्हणाला.

"अगं, एवढं कुणी मरतं का," मॅव्हिस पलीकडून ओरडली.

अकरा मिनिटं. हा आकडा नक्की आहे, कारण एका पाहुण्याने सगळं फोनवर टिपलं आणि ते पुढे बेटभर फिरलं. अकरा मिनिटं ती वाळूत एका कुशीवर पडून होती आणि माणसं तिच्याभोवती फिरून वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढत होती. एका जोडप्याने तिच्यामागे बसून काढला. युलीनला सगळं ऐकू येत होतं. उठायचं आहे हे तिला ठाऊक होतं, फक्त कुठून सुरुवात करायची ते सापडत नव्हतं. शेवटी टोपी घातलेल्या एका बाईला दिसलं, की तिच्या झग्याखालची वाळू ओली होत चालली आहे. नाटकात एवढं कुणी करत नाही, हे त्या बाईच्या लक्षात आलं. ती किंचाळली.

मग सगळेच किंचाळले. "आम्ही खाल्लं नाही, आम्ही कुणी घासही खाल्ला नाही." ते गाडीकडे पळाले. गाडी एकच होती. केरॉनने चौदा पाहुण्यांना तीत भरलं आणि तपासून घ्यायला दवाखान्यात नेलं. चौदाही जणांनी तिथे शपथेवर सांगितलं, की पान उचललंसुद्धा नाही. आत्यासाठी त्याने फिट्झला सांगितलं, "दुसरी गाडी येतेय." दुसरी गाडी आली नाही. पाऊण तासाने पावाची गाडी रस्त्याने चालली होती, तिला फिट्झने आडवं जाऊन थांबवलं. युलीन पावांच्या रिकाम्या टोपल्यांमध्ये निजून गेली.

त्याआधीच फिट्झने एक काम करून टाकलं होतं. भांड्यातली करी समुद्रात ओतली. कुत्री मरू नयेत म्हणून. मग ताटं ओतली, एकेक. तेरा ताटं भरलेली होती. चौदावं, टेबलाच्या टोकाचं, रिकामं होतं. कवचांची नीट रास केलेली, डम्पलिंगचा तुकडाही नाही, रस्सा पुसून घेतलेला. वर केळीचं पान परत झाकून ठेवलेलं.

पाच आठवड्यांनी युलीन घरी आली. डावा हात लोंबता, तोंड वाकडं, बोलणं असं की तोंडात गरम बटाटा धरलाय. डॉक्टरने सांगितलं होतं, डोक्यातली शीर बंद पडली, रक्तदाब होता, वर्षानुवर्षं असणार. खेकड्याचा यात काही संबंध नाही.

"डॉक्टर कुठला? शहरातला," मॅव्हिस म्हणाली. "त्याने मँचनील बघितलंय का कधी? तोंड वाकडं झालं ते काय उगीच?"

एवढं पुरलं. चौतीस वर्षं ज्यांनी तिच्या पिंपांवर विश्वास ठेवला, त्यांना आठवायला लागलं की एकदा आपल्यालाही पोटात मळमळलं होतं. चर्चच्या सुगीच्या जेवणाला ती एका हाताने कांदे तरी चिरावेत म्हणून गेली. बायकांनी तिला खुर्ची दिली, वारा घातला आणि तिची सुरी हळूच काढून घेतली. फिट्झचे खेकडेही कुणी घेईना. त्याने सापळे माळ्यावर टाकले.

तो संध्याकाळी तिच्या ओट्यावर येऊन बसे. एकदा ती खूप वेळ काहीतरी सांगत राहिली. त्याला कळायला चार वेळा ऐकावं लागलं.

"मीठ," ती म्हणत होती. "तीनदा घातलं. मला अळणी लागत होतं."

"हो. मी बघितलं ना."

"तेव्हा खेकडे पिंपात होते."

 फिट्झने ते पुन्हा मनात मांडून पाहिलं. खेकडे भांड्यात पडण्याआधीच तिची जीभ गेली असेल, तर जे झालं ते खेकडा खाण्याआधीच सुरू झालं होतं. मग खेकडा दोषातून सुटला. पिंपं सुटली. तिची आईही सुटली.

"किंवा मीठच भेसळीचं असेल," तो सावकाश म्हणाला.

"म्हणूनच. करी खारट होती का, हे कळायला हवं. खारट असेल तर जीभ माझी गेली होती."

"मी चाखली नाही गं."

"का?"

"मी भ्यायलो होतो." मग तो म्हणाला, "चौदावं ताट कुणीतरी खाल्लं. तो जगला असणारच, नाहीतर बोभाटा झाला असता."

त्याने हे दुसऱ्या दिवशी नाक्यावर सांगितलंही. मॅव्हिसने पाव तळता तळता ते निकालात काढलं. "एका खेकड्याने पाला खाल्ला, दुसऱ्याने नाही. त्याच्या नशिबी बरा आला. आणि जहाजावर कोण मेलं ते तुला कळवणार आहेत का, फिट्झ? तार येणार आहे?"

म्हणजे खाणारा जगला एवढ्याने भागत नव्हतं. मिठाचीच साक्ष हवी होती.

युलीनने ते चित्रीकरण मागवून घेतलं. स्वतःला वाळूत पडलेलं तिने किती वेळा पाहिलं याची गणती नाही. ती स्वतःकडे बघतच नसे. दुसऱ्या मिनिटाला फोन क्षणभर वळतो आणि टेबलाचं टोक दिसतं. तिथे एक हात आहे. उन्हाने लाल झालेला, अंगठ्यात रुंद चांदीची अंगठी. हात केळीचं पान उचलतो. तिचं पडणं खोटं आहे अशी ज्याची पूर्ण खात्री होती, तो एकटा माणूस निवांत जेवायला बसला होता. आणि सगळं संपवलं होतं. खारट असूनही, किंवा नसल्यामुळे.

केरॉनचा धंदा थोडे दिवस बसला. मग त्याने घड्याळ आणि घंटा मॅव्हिसच्या झोपडीत हलवली. मॅव्हिस बर्फातले खेकडे आणते, साफ केलेले, पिशवीतले, कुठले ते तिलाही ठाऊक नाही. सात दिवसांची भानगड नाही. ती खुर्चीवर बसून एक खाते, घसा धरते, डोळे फिरवते. युलीनपेक्षा छान करते, असं सगळेच म्हणतात. ताटं रिकामी होतात.

आणि जेवणानंतर केरॉन गाडी युलीनच्या ओट्यापुढे उभी करतो. "ही ती," तो पाहुण्यांना सांगतो. "विष खाऊन वाचलेली."

फिट्झने त्याला एकदा अडवलं होतं. "आत्याची अशी अब्रू काढतोस, तुला लाज वाटत नाही?"

"विचार तिलाच. तिला नको असेल तर नाही आणत."

फिट्झने विचारलं. युलीनने मान हलवली. येऊ देत म्हणाली.

फिट्झला तेव्हा राग आला होता. नंतर एका बुधवारी तो ओट्यावर तिच्याशेजारी बसला आणि त्याला कळलं. पाहुणे खाली उतरतात, तिच्या वाकड्या तोंडाचा फोटो काढतात, हात हलवतात. युलीन त्यांच्या तोंडाकडे बघत नाही. हातांकडे बघते. चौदा जण, अठ्ठावीस अंगठे. माणसं त्याच बेटावर पुन्हा येतात, असं तिने ऐकलं आहे.

गेल्या बुधवारी पाचव्या माणसाच्या अंगठ्यात अंगठी होती. रुंद, चांदीची. हात लालच होता, पण इथे आलेल्या सगळ्यांचेच हात लाल होतात. माणूस साठीचा, पोट सुटलेला, हसरा. बायकोच्या कानात काहीतरी बोलत होता. तो सबंध वेळ ओट्याकडे ओळखीचं काही असल्यासारखा बघत होता, किंवा तसं युलीनला वाटलं.

ती उठली. उजव्या हाताने कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरली. पाहुण्यांनी तिला जागा करून दिली, फोन वर झाले. ती त्या माणसापुढे जाऊन उभी राहिली आणि तिने विचारलं. शब्द तोंडातच अडखळले. माणूस कान पुढे करून हसला आणि केरॉनकडे बघितलं. "काय म्हणतात त्या?"

केरॉनला ते कळलं होतं. आत्याचं बोलणं फिट्झखालोखाल त्यालाच कळतं. त्याने फिट्झकडे पाहिलं नाही.

"म्हणते, परत खायची हिंमत आहे माझी," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. अंगठीवाल्या माणसानेही वाजवल्या, अगदी मनापासून, आणि तिच्या लोंबत्या हातात एक नोट खोचली. ती नोट वाऱ्याने लगेच उडाली, कारण तो हात काही धरत नाही. केरॉनने गाडी सुरू केली. माणूस चढला, खिडकीजवळ बसला. युलीन काचेला खेटून उभी राहिली आणि या वेळी एकेक शब्द तोंडातून ओढून काढत, शक्य तेवढ्या स्वच्छ आवाजात तिने पुन्हा विचारलं.

"मीठ जास्त झालं होतं का?"